बारा दिवसांनी येणारी नदी

आमच्या घरात एक अलिखित नियम आहे. ज्या वस्तूला वायर आहे ती वस्तू माझ्या खात्यातली. मिक्सर बंद पडला, बँकेचा काहीतरी मेसेज आला, टीव्हीवर अचानक सगळं तमिळमध्ये दिसायला लागलं... की पुण्याला फोन. "तू कॉम्प्युटरवाला ना, बघ जरा." त्यामुळे मागच्या दिवाळीत जालन्याला गेलो आणि ताई चहाचा कप हातात देता देता म्हणाली, "हिला पोर्टफोलिओ की काय ते करायचंय, तेवढं बघ जरा," तेव्हा मला विशेष काही वाटलं नाही. चित्रं स्कॅन करायची, पीडीएफ करायची. दोन तासांचं काम.

ते काम सहा महिने चाललं. आणि शेवटच्या आठवड्यात मी ते जवळजवळ बुडवलं होतं. त्याचीच ही गोष्ट.

भाची तेव्हा बारावीला होती. सायन्स. (मार्क चांगले असले की आमच्याकडे दुसरी शाखा असते हे कुणी सांगतच नाही.) दाजींच्या डोक्यात इंजिनिअरिंग पक्कं होतं आणि तिच्या डोक्यात चित्रकला. एका डिझाइन संस्थेच्या प्रवेशासाठी मुलाखतीआधी पोर्टफोलिओ पाठवायचा होता. पंधरा ते वीस पानं, एकच पीडीएफ, आकार वीस एमबीच्या आत. बापलेकीत तह झाला होता की इंजिनिअरिंगच्या सीईटीचा फॉर्मही भरायचा आणि हेही करायचं. दाजी वाईट माणूस नाहीत. एका रोलिंग मिलमध्ये हिशेब बघतात, आणि ज्याचा हिशेब लागत नाही त्याची त्यांना भीती वाटते, एवढंच.

"पण काढतेस काय तू?" मी विचारलं.

तिनं कपाटावरून जुन्या वह्यांचा गठ्ठा खाली काढला. शाळेच्या वह्या, मागच्या बाजूनं भरलेल्या. सगळं पेन्सिल आणि निळ्या बॉलपेननं. आठवीपासून ती एकच शहर काढत होती.

त्या शहराचं नाव बारव. दगडी पायऱ्यांच्या जुन्या विहिरीला आपण बारव म्हणतो ना, तसंच हे शहर खाली खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्यांवर वसलेलं. एक पायरी म्हणजे एक गल्ली. अगदी तळाला नदीचं पात्र. आणि ही नदी दर बारा दिवसांनी एकदा येते. चार तास थांबते आणि निघून जाते. मधले अकरा दिवस पात्र कोरडं. त्यात बाजार भरतो, पोरं क्रिकेट खेळतात, लग्नाचे मांडव पडतात. नदीच्या दिवशी पहाटे घंटा होते आणि तळातली माणसं आपापलं बिऱ्हाड दोरांनी वर ओढून घेतात. होड्या गच्चीवर भिंतीला टेकवून ठेवलेल्या, आपण दिवसा बाजा उभ्या करून ठेवतो तशा. एका माणसाला नोकरीच अशी की पाणी कुठल्या पायरीपर्यंत चढलं ते खडूनं लिहून ठेवायचं. आणि ज्या घरात कुणी वारलंय, त्या घराला त्या खेपेला सगळ्यांच्या आधी पाणी भरू देतात.

हे शेवटचं वाचलं आणि मी जरा गप्प झालो.

"अगं, हे तर आपलं जालनाच आहे की."

"नाही मामा," ती म्हणाली, "आपल्याकडं नळ येतात. तिकडं नदी येते."

ताईच्या गल्लीत तेव्हा दहा-बारा दिवसांनी नळ यायचे. तिच्या स्वैपाकघरातल्या कालनिर्णयवर नळ आलेल्या तारखेला पेनानं गोल केलेला असतो आणि त्यावरून पुढच्या खेपेचा अंदाज बांधायचा. जालन्याला कुंडलिका नदी आहे, निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आहे, पैठणहून जायकवाडीचं पाणीही पाइपातून येतं. तरी २०१२-१३ च्या दुष्काळात सगळ्यात जास्त होरपळलेल्या जिल्ह्यांत आमचं नाव होतंच. माझ्या लहानपणी आई रात्री दोनला उठवायची, "ऊठ, नळ आले." पुण्यात नोकरीला लागलो तेव्हा पहिलं वर्षभर मी रोज रात्री बादल्या भरून ठेवायचो. रूमवरची पोरं हसायची. त्या पोरीनं यातलंच सगळं घेतलं होतं आणि त्याचं एक अख्खं शहर केलं होतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली असेल. कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षा. (मला एलिमेंटरीला सी ग्रेड. इंटरमिजिएटच्या वाटेला गेलोच नाही.) त्यात स्मरणचित्राचा एक पेपर असतो. पाहिलेला एखादा प्रसंग आठवून काढायचा. आठवडी बाजार, बसस्टँड, पाणवठा, असलं काहीतरी. भाचीला दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती. तिच्या वह्या बघताना मला सारखं वाटत होतं की ही स्मरणचित्रंच आहेत, फक्त हिनं त्यातला एक नियम बदललाय. कल्पनेतलं जग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर किल्ले आणि उडणारे घोडे यायचे. (पहिल्या दिवशी मी तिला एखादा ड्रॅगन टाक असं सुचवलं होतं, हेही इथेच कबूल करून टाकतो.) तिच्या जगात जादू काहीच नव्हती. प्रोग्राममध्ये एका व्हेरिएबलची किंमत बदलावी तसं तिनं नळाच्या जागी नदी टाकली होती आणि मग पुढचं सगळं आपोआप बदलत गेलं होतं.

मग मी माझं नेहमीचं काम सुरू केलं. टेस्टिंग. प्रश्न विचारायचे.

"वरच्या पायऱ्यांवर श्रीमंत लोक राहत असतील ना?"

ती म्हणाली, "नाही, वर गरीब. तिथपर्यंत पाणी पोचतच नाही, हंड्यानं न्यावं लागतं. एकदम खाली पण गरीबच, त्यांना दर बारा दिवसांनी घर उचलावं लागतं. श्रीमंत मधल्या पायऱ्यांवर. पाणी दारापर्यंत येतं आणि आत शिरत नाही."

सतरा वर्षांच्या मुलीचं हे उत्तर. आमच्या कंपनीत आर्किटेक्ट म्हणवणारे लोक एवढा विचार करत नाहीत :-)

पुण्याला आल्यावर ऑफिसच्या डिझाइन टीममधल्या एका मैत्रिणीला मी फोटो दाखवले. तिनं अशा संस्थेत शिक्षण घेतलेलं. ती म्हणाली, "चित्रं चांगली आहेत, पण साठच्या साठ एकसारखी आहेत. सगळी सुबक चित्रं एकापुढे एक लावली म्हणजे पोर्टफोलिओ होत नाही. विचार कसा झाला ते दिसू दे. प्रत्यक्ष बघून काढलेली रेखाटनं घाल, फसलेले प्रयोग घाल. आणि बॉलपेनच्या बाहेर येऊ दे तिला. मिक्स्ड मीडिया करायला सांग."

मी तत्परतेनं एक्सेल शीट केली. पान क्रमांक, विषय, माध्यम, स्टेटस. आणि ऑनलाइन साहित्याची भलीमोठी ऑर्डर जालन्याच्या पत्त्यावर टाकली. परदेशी शाई, ऑइल पेस्टल, ॲक्रिलिक, महागडे कागद. तिनं प्रामाणिकपणे सगळं वापरून बघितलं. तीन आठवड्यांनी फोटो आले ते गुळगुळीत, रंगीत आणि कुठल्याही कॅलेंडरवर खपतील असे. बारवची नदी स्वित्झर्लंडची वाटत होती. तिलाही ते कळलं होतं. "कागद लई चांगलाय मामा, त्यामुळं भीती वाटायली," ती म्हणाली.

तोडगा तिलाच सापडला, मोरीत. पाण्याच्या लोखंडी ड्रमखाली फरशीवर गंजाचं एक गोल उमटलेलं असतं, सगळ्या घरांत असतं. ते कितीही घासा, जात नाही. तिनं ठरवलं की हे कागदावर आणायचं. दाजींना सांगितलं की मिलमधून लोखंडाचे बारके तुकडे आणा. जालना म्हणजे स्टीलचं गाव, भंगार वितळवून सळया करणारं, तिथं लोखंडाला काय तोटा! दाजींनी "कामून?" एवढंच विचारलं आणि दुसऱ्या दिवशी स्कूटरच्या डिकीतून एक पिशवी आणली.

कृती अशी. कागद कडक काळ्या चहात भिजवायचा. त्यावर लोखंडाचे तुकडे मांडायचे. वरून मोसंबी पिळायची. (मोसंबी पण आमचीच!) मग प्लास्टिकनं झाकून वर पाटा ठेवायचा आणि रात्रभर तसंच सोडायचं. सकाळी कागदावर नारिंगी गंज तर असतोच, पण जिथं लोखंड आणि चहा भेटले तिथं निळसर काळा रंग उतरलेला असतो. चहातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस वापरून पोथ्या लिहायची शाई करायचे, तीही याच तत्त्वावर. हे मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "बारावीला केमिस्ट्री आहे मला."

त्या काळ्या-नारिंगी डागांवर ती बॉलपेननं बारवच्या पायऱ्या काढायची. पहिल्यांदा ते शहर खरं दिसायला लागलं. बियाण्यांच्या रिकाम्या पिशव्या फाडून तिनं मांडव केले. टँकरच्या पावत्या चिकटवून घरांच्या भिंती. कोरड्या शहराच्या चित्रावर ट्रेसिंग पेपरचा पडदा लावला, तो खाली पाडला की त्याच शहरात नदी आलेली दिसते. बोअरचं पाणी काळ्या कागदावर ओतून उन्हात वाळवलं की क्षारांच्या पांढऱ्या रेघा उरतात, आपल्या बादलीच्या कडेला उरतात तशा. त्या रेघा म्हणजे पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याच्या खुणा.

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे अजिंठ्याला गेलो. जालन्याहून भोकरदन, सिल्लोड आणि पुढे अजिंठा. भोकरदनला केळणा नदीच्या काठी चहाला थांबलो तेव्हा तिला म्हटलं, तुझ्या बारवला काही इतिहास आहे का? कारण या गावाला आहे. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं ठिकाण. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या गावाचं नाव येतं. १९७३ साली इथे उत्खनन झालं, त्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पाँपेईला सापडली होती, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या गावात! म्हणजे आपल्या इकडच्या कारागिरीचं नातं रोमच्या साम्राज्यापर्यंत पोचतं. भाची चहा प्यायची थांबली. "हे खरंय?" "हो." "मी काढलं असतं तर म्हणले असते, खोटंय."

तिथून विषय निघाला आणि मी लातूरच्या पाण्याच्या रेल्वेची आठवण काढली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. ती तेव्हा लहान होती, तिला ते आठवत नव्हतं. घरी येऊन तिनं बारवमध्ये रेल्वे टाकली नाही. म्हणाली, "ते तर झालेलंच आहे. मला झालेलं नाही असं पाहिजे." पण इतिहासाचं एक पान केलं. बारवच्या तळातली वाळू खणली की प्रत्येक थरात वेगवेगळ्या लोकांची भांडी निघतात. नदीसाठी थांबलेली आणि नंतर निघून गेलेली माणसं.

अजिंठ्यात मात्र तिनं पद्मपाणीपुढे फार वेळ काढला नाही. ती शोधत होती जिथं गिलावा निखळलाय त्या जागा. तिथं आतले थर दिसतात. माती, त्यात भाताचं तूस आणि वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, आणि निळ्यासाठी लाजवर्द. "म्हणजे हे पण मिक्स्ड मीडियाच," ती म्हणाली. गिलाव्यात तूस का घातलं असेल यावर गाडीत तासभर चर्चा. दाजी पण बोलायला लागले, कारण त्यांच्या लहानपणी खेड्यातल्या घराच्या भिंतींच्या मातीत भुसा कालवायचे.

घरी आल्यावर तिनं पुठ्ठ्यावर आपल्या रानातली काळी माती, कापूस आणि बाभळीचा डिंक कालवून लेप दिला. दोन दिवसांत भेगा पडून अर्धा लेप गळून पडला. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात ना, तेच. मग कापूस वाढवला, माती कमी केली, थर पातळ दिला. दाजी रोज कामावरून आल्यावर आधी पुठ्ठा बघायचे. चौथ्या खेपेला लेप टिकला, पण भेगा पडल्याच. त्या तिनं तशाच ठेवल्या. नदीचं कोरडं पात्र आयतं मिळालं.

मग बोर्ड आलं, सगळं बंद. परीक्षा संपल्यावर पुन्हा सुरू. एप्रिलच्या शेवटी मुदत होती. मुदतीच्या आठवडाभर आधी दाजी कामानिमित्त पुण्याला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर सगळी अस्सल पानं जुन्या साड्यांत गुंडाळून माझ्याकडे आली. मोठा स्कॅनर जालन्यात मिळाला नव्हता. आता काम माझ्या खात्यातलं होतं.

मी दोन रात्री जागलो. खरंच मन लावून केलं हो. स्कॅन केलेलं प्रत्येक पान सरळ केलं. कागदाचा मळकट रंग काढून पांढराशुभ्र केला. चहाचे ओघळ, कडेचे डाग, पाण्यात भिजून आलेल्या रेघा, सगळं एकेक करून पुसलं. रेषा ठळक केल्या. सगळ्या पानांना एकसारखी बॉर्डर, खाली पान क्रमांक, सुबक फॉन्ट. वीस पानं, सहा एमबी. मर्यादेच्या कितीतरी आत! पहाटे तीनला पाठवून दिलं आणि समाधानानं झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं, "छान आहे मामा."

बास. एवढंच.

रात्री ताईचा फोन. "तू काय केलंस रे? सकाळपासून बोलत नाहीये. फॉर्मच भरणार नाही म्हणते." मी म्हटलं, अगं मी तर सगळं नीट करून दिलं. मागून भाचीचा आवाज आला. ती माझ्याशी बोलत नव्हती, आईशी बोलत होती. "मामानं नदी पुसली."

मला काही कळेना. अस्सल पानं काढून टेबलावर एकापुढे एक मांडली. बराच वेळ बघत बसलो. मग दिसलं. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला पाण्याची एक रेघ होती. मला वाटलं होतं की ठेवताना पानं भिजली असतील. पहिल्या पानावर ती तळाला होती, दुसऱ्यावर बोटभर वर, तिसऱ्यावर आणखी वर. पानं उलटत गेलं की पाणी चढत जातं. चौदाव्या पानावर ते सगळ्यात वर, आणि मग पुढच्या सहा पानांत उतरत उतरत शेवटचं पान कोरडं. तिनं प्रत्येक पान तेवढ्याच उंचीपर्यंत बोअरच्या पाण्यात उभं करून वाळवलं होतं. नदीची एक अख्खी खेप. आणि मी ती क्लीनअप म्हणून काढून टाकली होती.

आता एक गंमत ऐका. (तेव्हा गंमत वाटली नव्हती.) मी ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा जुना भक्त. टॉल्किननं त्या गोष्टीतल्या एका जळक्या-फाटक्या पोथीची पानं स्वतःच्या हातानं बनवली होती, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. पाइपनं कडा जाळल्या, शिवणीची भोकं पाडली, रक्ताच्या डागांसाठी लाल रंग फासला. पण १९५४ साली पुस्तक निघालं तेव्हा रंगीत छपाई परवडत नाही म्हणून प्रकाशकानं ती पानं वगळली. ती छापली गेली टॉल्किन वारल्यानंतर. ही गोष्ट मी किती जणांना रंगवून सांगितली असेल, आणि त्या प्रकाशकाला नावं ठेवली असतील! त्या बिचाऱ्यांना निदान खर्चाचा प्रश्न होता. मी तर फुकटात, हौसेनं केलं होतं.

भाचीला फोन केला. "चुकलं माझं. रेघ दिसली आता."

ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुम्ही फक्त स्कॅन करा मामा. बाकी काही करू नका."

मुदतीला दोन दिवस होते. सगळं पुन्हा स्कॅन केलं. काहीही न पुसता. आणि नवीनच अडचण आली. तीच वीस पानं, तेवढंच रिझोल्यूशन, पण फाइल अडतीस एमबी! माझ्यातला इंजिनिअर इथे जागा झाला. जेपीईजीचं कसं असतं, सपाट भाग असला की तो थोडक्यात आटोपतो. पांढऱ्याशुभ्र कोऱ्या जागेला फारसे बाइट लागत नाहीत. जिथं बारीकसारीक फरक आहेत, कण आहेत, ओघळ आहेत, तिथं बाइट खर्च होतात. म्हणजे सहा आणि अडतीस यांच्यामधले बत्तीस एमबी ही मी पुसून टाकलेल्या गोष्टींची मोजदादच होती. चहा, गंज, क्षार, काळ्या मातीच्या भेगा. आमच्या धंद्यात याला माहिती म्हणतात आणि मी त्याला डाग म्हणत होतो.

पण मर्यादा वीस एमबीचीच होती. रिझोल्यूशन थोडं कमी केलं, तीस झाले. आणखी कमी केलं की बॉलपेनच्या रेषा फुटायला लागायच्या. शेवटी पानं कमी करायचं ठरलं. कमीत कमी पंधरा हवी होती. मी म्हटलं, ते मोठं चित्र ठेवूच, अख्ख्या शहराचं, सगळ्यांत देखणं. त्यात तिचे तीन आठवडे गेले होते. ती म्हणाली, "तेच काढा. ते एकटंच चार एमबीचंय. आणि ते नुसतं दाखवायला काढलंय." आणि माझ्या मते फालतू असलेलं एक पान तिनं ठेवलं, ज्यावर लेपाचे तीन फसलेले तुकडे चिकटवून खाली माती-कापूस-डिंकाचं प्रमाण लिहिलं होतं. अशी पाच पानं गेली. पाण्याच्या रेघेचा क्रम मधे तुटू नये म्हणून कुठली काढायची यावर रात्री एक वाजेपर्यंत व्हिडिओ कॉल. मागे दाजी जागेच. मधेच म्हणाले, "ते पुठ्ठ्याचं राहू द्या." एकोणीस पूर्णांक सहा एमबी. पाठवलं.

मेमध्ये मुलाखत झाली. तिला एका बाईंनी विचारलं, बाराच दिवस का? दहा किंवा पंधरा का नाही? तिनं सांगितलं की आमच्याकडं तेवढ्याच दिवसांनी येतं. मग म्हणे दहा मिनिटं सगळे पाण्याबद्दलच बोलत होते.

निवड झाली नाही. वेटिंग लिस्टवर नाव होतं, पण यादी तिच्यापर्यंत सरकली नाही. मी तिच्यापेक्षा जास्त खट्टू झालो. मनात एक किडा वळवळत राहिला की ते मोठं चित्र ठेवायला हवं होतं का? तिला एकदा विचारलं. "नाही," ती म्हणाली, आणि विषय बदलला.

तिनं फाइन आर्टची सीईटीही दिली होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र वगैरे पेपर, तिथं पोर्टफोलिओ कुणी मागत नाही. त्यात नंबर लागला आणि आता ती संभाजीनगरच्या सरकारी चित्रकला महाविद्यालयात आहे. (२०२३ पर्यंत आपण औरंगाबाद म्हणायचो ते.) इंजिनिअरिंगच्या सीईटीलाही बरे मार्क होते. दाजींनी ते कागद फाइलला लावून ठेवलेत, असू द्या म्हणून. पण हॉस्टेलला सोडायला तेच गेले होते, आणि डिकीत पुन्हा ती लोखंडाची पिशवी होती.

अस्सल पानं अजून माझ्याकडेच आहेत, जुन्या साड्यांत गुंडाळलेली. वीसच्या वीस. ते मोठं चित्र फ्रेम करून हॉलमध्ये लावावं असं बायको म्हणते. मी भाचीला विचारलं, तर म्हणाली, लावा, पण काचेच्या आत नको, गंज अजून वाढतोय. खरंच वाढतोय. एप्रिलच्या स्कॅनशी ताडून बघितलं, तळातल्या दोन पायऱ्या आता जवळजवळ नारिंगी झाल्यात.

हे सांगायला परवा ताईला फोन लावला. म्हटलं, अगं ते चित्र आपोआप बदलतंय, पोरीला सांग. ताई म्हणाली, "कुठलं चित्र?" आणि मी सांगायला सुरुवात करणार तेवढ्यात, "ठेव ठेव, नळ आले," म्हणून फोन कट.